कपाटाची किल्ली कुणाकडं आहे?

कोर्टातली तारीख, दुकानावरचा फलक, काळा दिन यांवर आपण नेहमीच बोलतो. आज एका कपाटाबद्दल बोलायचंय.

तीन वर्षांपूर्वी आम्ही सहा-सात जणांनी आमच्या जुन्या शाळेला पुस्तकं दिली. खानापूर तालुक्यातलं गाव, सरकारी उच्च प्राथमिक मराठी शाळा, पहिली ते सातवी. गावाचं नाव सांगत नाही, कारण हे गाऱ्हाणं एकट्या त्या शाळेचं नाही. पुण्यात, बेंगळूरला नोकरीला असलेल्या पोरांनी पैसे घातले. गोष्टींची पुस्तकं, चरित्रं, विज्ञानाची पुस्तकं असा मोठा गठ्ठा झाला. शाळेत कार्यक्रम झाला. हार, नारळ, दोन भाषणं, एक फोटो. फोटो सगळ्यांनी स्टेटसला ठेवला. मीही ठेवला.

गेल्या जूनमध्ये पुतण्याच्या दाखल्यासाठी त्याच शाळेत गेलो. हेडमास्तरांच्या खोलीत काचेचं स्टीलचं कपाट आहे. काचेतून आमचा गठ्ठा दिसला. आम्हीच बांधलेली सुतळी तशीच होती. गाठसुद्धा सुटली नव्हती.

बाहेर नळावर पाचवीतली एक पोरगी बाटली भरत होती. तिला विचारलं, "बाळ, लायब्ररीतली कुठली कुठली पुस्तकं वाचलीस?" ती म्हणाली, "ते सरांचं कपाट हाय."

पुस्तकं पोरांच्या नावानं दिली होती आणि पोरांच्या लेखी ती सरांची होती.

पहिल्यांदा राग सरांचा आला. पण सरांशी तासभर बोलल्यावर तो उतरला. पुस्तकं शाळेच्या स्टॉक रजिस्टरला चढतात. एक जरी कमी भरलं तर तपासणीला आलेला माणूस विचारणार, आणि उत्तर सरांनाच द्यावं लागणार. दोन शिक्षक चार-चार वर्ग सांभाळतात, वर जनगणनेपासून मतदार यादीपर्यंत सगळी कामं. अशा माणसानं कपाटाला कुलूप लावलं तर त्यात नवल काय? सर म्हणाले, "हरवण्यापेक्षा कुलपात राहिलेलं बरं, असं वाटतं बघा."

आता या भीतीला एक उत्तर आहे, आणि ते सरकारी कागदातलंच आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत लिहिलंय की वाचनालयात वर्षभरात दिल्या-हाताळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागं पाच हरवली तर ते रास्त धरावं; अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसला म्हणजे झालं. हा नियम केंद्राच्या कार्यालयांचा, आपल्या गावच्या शाळेला तो थेट लागू नाही. पण त्यातलं तत्त्व बघा. पुस्तकं फिरली की थोडी जाणारच, हे दिल्लीनं कागदावर मान्य केलंय. मग गावच्या एसडीएमसीनं एक साधा ठराव करून हेडमास्तरांच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला काय हरकत आहे? आम्ही तेच पहिलं केलं. ठराव चार ओळींचा. वर्षाकाठी गहाळ होणारी थोडी पुस्तकं समिती भरून देईल, शिक्षकांना जाब विचारला जाणार नाही. सही झाली आणि किल्ली कपाटातून निघाली. पुढचं सगळं त्या ठरावामुळं जमलं.

पुढचं म्हणजे मांडणी. माझं म्हणणं एवढंच आहे: आपण सीमाभागात पुस्तकं जमवण्यावर जेवढी ताकद लावतो, त्याच्या निम्मी ती कुठं आणि कशी ठेवायची यावर लावली, तर आहेत त्याच पुस्तकांत शाळा वाचती होईल.

भारतात हे सगळ्यात ठासून सांगणारा माणूस मूळचा गणिताचा प्राध्यापक होता. शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांचा पहिला नियम पुस्तक वापरलं जाण्याबद्दलचा आहे, जपून ठेवण्याबद्दलचा नाही. १२ ऑगस्टला देशभर ग्रंथपाल दिन पाळतात तो त्यांच्याच जन्मदिवसाला. त्यांची अखेरची वर्षं आपल्याच राज्याच्या राजधानीत, बेंगळूरला गेली. मध्ययुगात युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीनं फळीला बांधून ठेवायचे, कारण हातानं लिहिलेली एकेक प्रत सोन्याच्या भावाची असे. आपली पुस्तकं छापील आहेत, पन्नास-साठ रुपयांची आहेत, तरी साखळी सुटलेली नाही. तिची फक्त कडी-कोयंडा झाली.

आम्ही काय केलं ते सांगतो. सगळं बरोबरच केलं असं नाही, पण तुम्हाला सुरुवातीला उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न खोलीचा. आमच्या वेळी एका वर्गात चाळीस पोरं असायची. आता अख्ख्या शाळेत जेमतेम तेवढी आहेत. त्यामुळं दोन खोल्या मोकळ्या पडल्यात. एकीत मोडके बाक, दुसरीत दुपारच्या जेवणाच्या तांदळाची पोती. पटसंख्या घटल्याचं दुःख सगळ्यांनाच आहे, पण मोकळी खोली तशीच ठेवली तर उद्या ती दुसऱ्याच कुठल्या तरी कामाला जाते, हेही आपण बघितलंय. आम्ही बाकांची खोली घेतली. ती नळाजवळ आहे. मधल्या सुट्टीत सगळी पोरं नळावर येतात. लायब्ररी तिथंच असली पाहिजे जिथून पोरं नाहीतरी जातात. हेडमास्तरांच्या खोलीत शिरायला पोराला कारण लागतं, नळाशेजारच्या खोलीत शिरायला लागत नाही.

दुसरा प्रश्न भिंतीचा. खानापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. कौलारू शाळा, पश्चिमेची भिंत जुलैत ओलीचिंब. पहिल्यांदा आम्ही रॅक तिथंच लावायला निघालो होतो, कारण ती सगळ्यात लांब भिंत. गावातले सुतारकाका म्हणाले, "कशाला गा, श्रावणापर्यंत बुरशी येतेय बघ." मग रॅक पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला घेतले, भिंतीपासून चार बोटं सोडून, म्हणजे मागून हवा खेळते. तळाला विटा लावून सगळं जमिनीपासून सहा इंच उचललं. वाळवी जमिनीतून येते, तिला रस्ता दिसला पाहिजे आणि आपल्याला ती दिसली पाहिजे. कोपऱ्यात कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या.

तिसरी गोष्ट उंची, आणि हीच मला सगळ्यात मोठी वाटते. नेहमीचं स्टीलचं कपाट साडेसहा फूट उंच असतं. दुसरीतल्या पोराचा हात वर करूनसुद्धा वरच्या दोन कप्प्यांना लागत नाही. आम्ही दुसरीतल्या एकाला आणि सातवीतल्या एकीला भिंतीला टेकवून उभं केलं, डोळ्याच्या रेषेत खडूनं खूण केली आणि त्या दोन खुणांमध्ये मुख्य पुस्तकं मांडली. कपाटाची काचेची दारं स्क्रू काढून उतरवली. ती आता हेडमास्तरांच्या खोलीत सूचना लावायला वापरतात. वरचे दोन कप्पे शिक्षकांच्या संदर्भ पुस्तकांना दिले. मोडक्या बाकांच्या फळ्यांतून सुतारकाकांनी दोन बुटके रॅक करून दिले. मजुरीचा विषय काढल्यावर म्हणाले, माझी नात हितंच शिकतेय.

चौथी गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही. लहान पोरांची बरीच मराठी पुस्तकं सोळा-चोवीस पानांची, मध्ये पिना मारलेली असतात. त्यांना कणाच नसतो, मग कण्यावर नाव कुठून येणार? अशी वीस पुस्तकं उभी लावली की फळीवर फक्त कागदाच्या कडा दिसतात. पोराला वाटतं वह्या आहेत. म्हणून पातळ पुस्तकं मुखपृष्ठ पुढं करून ठेवायची. आम्ही भिंतीला आडव्या पट्ट्या मारल्या, पट्टीवर पुस्तक टेकवलं आणि पुढून नायलॉनची दोरी ओढली. खर्च दोरीचा आणि खिळ्यांचा. जागा कमी पडते हे खरं, सगळी पुस्तकं अशी मावत नाहीत. मग दर सोमवारी पुस्तकं बदलायची. परवापर्यंत मागं दडलेलं पुस्तक पुढं येतं आणि पोरं म्हणतात, नवीन आलंय!

पाचवी गोष्ट वर्गवारी. मोठ्या ग्रंथालयांत चालणारी एक पद्धत अमेरिकेतल्या मेल्व्हिल ड्यूईची, १८७६ सालची. ड्यूईनं सगळं ज्ञान शून्य ते नऊ अशा दहा भागांत वाटलं. त्यात साहित्याला ८०० दिलं. इंग्रजी साहित्याला ८२० हा अख्खा स्वतंत्र आकडा मिळाला. आपलं मराठी साहित्य कुठं? 'इतर' भाषांच्या ८९० मध्ये, दशांश चिन्हाच्या मागं, ८९१.४६. आणि कन्नड? तेही तिथंच, ८९४.८१४. बेळगावात एकमेकांसमोर उभ्या ठाकलेल्या दोन भाषा ड्यूईच्या फळीवर एकाच कोपऱ्यात अंग चोरून बसल्यात! सांगायचा मुद्दा हा की मांडणी करणारा जिथं उभा असतो, तिथूनच जग मांडतो. मग आपण आपल्या शाळेत उभं राहून का मांडू नये? आम्ही आकड्यांच्या भानगडीत पडलो नाही. रंगीत टेप आणली. गोष्टींना लाल, विज्ञान-माहितीला निळी, चरित्र-इतिहासाला पिवळी, कविता-नाटकाला हिरवी. पहिलीतलं पोरही पुस्तक परत आपल्या रंगाच्या फळीवर ठेवतं.

आता वादाची गोष्ट. कन्नड पुस्तकं कुठं ठेवायची यावर आमच्यात खरोखर भांडण झालं. एक मित्र म्हणाला, "मराठी शाळेच्या लायब्ररीत कन्नड फळी कशाला? ती लादायला सरकार बसलंयच की." त्याचा राग मला कळतो. २०१५ च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची केली, आणि सक्तीनं आलेल्या भाषेवर प्रेम बसायला वेळ लागतो. पण मी त्याला म्हटलं, ही पोरं कन्नड शिकणारच आहेत. पेपर कन्नडमध्ये लिहिणार, बसचा बोर्ड कन्नडमध्ये वाचणार. पुस्तक लपवून भाषा लपत नाही. शेवटी असं ठरलं: दारातून आत आल्यावर समोर, डोळ्याच्या रेषेत मराठी. उजव्या हाताला कन्नड आणि इंग्रजी, आणि त्यांच्या मधोमध तिन्ही भाषांचे शब्दकोश एका टेबलावर, उघडे. कुठलीही फळी वरच्या कप्प्यात नाही, कुठलीही कुलपात नाही. घरातला माणूस समोर आणि शेजारी ओसरीवर, एवढीच ती मांडणी. मित्र अजून पूर्ण पटला नाही, पण शब्दकोश त्यानंच विकत आणून दिले.

सहावी फळी आम्ही मुद्दाम केली. तिच्यावर पाटी आहे 'हितलं'. शाळेतल्या पोराला वाटतं की पुस्तकं लिहिणारी माणसं पुण्या-मुंबईत असतात. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की इंदिरा संत बेळगावात राहून, शिकवून कविता लिहीत होत्या आणि १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'गर्भरेशीम'ला मिळाला. जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले आणि धारवाडला आयुष्यभर मास्तरकी केली. निपाणीत महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत तंबाखूच्या वखारीतल्या बायकांच्या कथा लिहीत होते. रणजित देसाई हद्दीपलीकडच्या कोवाडचे, बेळगावहून सकाळी निघालं तर चहाच्या वेळेला पोचाल. यांची सगळी पुस्तकं सातवीच्या पोराला झेपणार नाहीत. पण नाव, फोटो आणि त्यांचं गाव असलेलं एक कार्ड झेपतं. फळीवर कार्ड आधी, पुस्तक मागं. शिवाय सहावी-सातवीच्या पोरींनी आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवल्या. ती वहीसुद्धा याच फळीवर आहे, लाल टेप लावून, रजिस्टरमध्ये नंबर घालून. सगळ्यात जास्त तीच हाताळली जाते.

वाचायची जागा खिडकीखाली. जुना जमखाना अंथरलाय. खिडकीपुढं रॅक लावायचा नाही हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. पुस्तकं देण्या-घेण्याचं रजिस्टर दोन पोरं आठवड्याच्या पाळीनं सांभाळतात.

आता कुणी म्हणेल, शाळा बंद पडायला लागल्यात आणि तू कपाटाची उंची मोजतोस! प्रश्न बरोबर आहे. लायब्ररी नीट लावल्यानं आमच्या शाळेचा पट वाढला नाही. इंग्रजी माध्यमाची व्हॅन अजून गावात येते आणि भरून जाते. हे मी लपवत नाही. पण जी पोरं उरलीत त्यांचं काय? त्यांना आपण फक्त आकडा म्हणून मोजायचं, निवेदनात लिहायला? १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं संविधानात ३५०-अ हे कलम आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची पुरेशी सोय राज्यानं करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वाचनालय असावं असं म्हटलंय. वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं, आणि त्यात गोष्टीची पुस्तकं वेगळी नोंदवून. हे हक्क मागायलाच पाहिजेत. बीईओ ऑफिसला अर्ज द्या, मराठी पुस्तकांचा वाटा विचारा, पोच घ्या. पण आपण दिलेला गठ्ठा आपल्याच शाळेत सुतळीसकट पडून असेल तर त्या अर्जात जोर कुठून येणार?

वाचायची परंपरा आपल्याला नवी नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं ठेवून आपण टाळ वाजवत गावभर फिरवतो. दिंडी संपल्यावर ती पुस्तकं कुठं जातात, हे मी कधी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंय का? पाचगणीजवळच्या भिलारमध्ये ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव सुरू झालं, तेव्हा पुस्तकं थेट लोकांच्या घरांत, ओसरीवर मांडली. कुणीही यावं, बसावं, वाचावं. तिथं सरकारचा हात पाठीशी होता, आपल्याकडं नाही. पण ओसरी आपल्याकडंही आहे.

तर आता करायचं काय? या महिन्यात आपल्या जुन्या शाळेत एकदा जा. नवीन पुस्तकं नेऊ नका, टेप घेऊन जा. कपाट कुठं आहे, किल्ली कुणाकडं आहे, सगळ्यात बुटक्या पोराचा हात कुठवर पोचतो, एवढं बघा. शिक्षकांवर डाफरू नका; त्यांच्याजवळ बसा, त्यांची भीती ऐका आणि एसडीएमसीचा ठराव लिहून घ्या. कार्यक्रम ठेवू नका, हारावर पैसे घालवू नका, त्या पैशात दोरी आणि टेप येते. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. १९७१ पासूनचा तो खजिना आहे. त्यातल्या दोन गोष्टी छापून पट्टीवर लावल्या तरी सुरुवात होते. आणि एकदा लावून विसरू नका. दर दोन महिन्यांनी कुणीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर दिवाळीपर्यंत सगळं परत कपाटात जातं. आमच्याकडं एकदा गेलंही होतं. नवीन टीचर आल्या, त्यांना ठरावाचं माहीत नव्हतं. पुन्हा जाऊन बोलावं लागलं.

आमची तीन पुस्तकं आतापर्यंत हरवली. दोनांची पानं फाटली, ती पोरांनीच खळ लावून चिकटवली, थोडी वाकडी.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा ती नळावरची पोरगी रजिस्टर घेऊन बसली होती. तिची पाळी होती. मी 'हितलं'मधून एक पुस्तक उचललं आणि सहज पिशवीत घालायला लागलो, तर म्हणाली, "ओ मामा, काय करायलाय? नाव लिवा पहिला."

नाव लिहिलं. पंधरा दिवसांत परत द्यायचंय.